भाताच्या हंगामाचे अकरा हजार फोटो आणि त्यांचा पावणेतीन मिनिटांचा व्हिडिओ

खूप दिवस लिहायचं म्हणत होते, आता सगळं पार पडलंय तर लिहूनच टाकते, कारण मी जेव्हा शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल सलग असं काही सापडलं नाही, जे होतं ते तुकड्यातुकड्यात. विषय असा की भरपूर फोटोंची मालिका आहे, एकाच जागेवरून ठराविक वेळाने काढलेली, आणि तिचा व्हिडिओ करायचाय, कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर न घेता, टर्मिनलमध्ये कमांड टाकून. मी कॉम्प्युटरवाली नाही, बँकेत काम करते, त्यामुळे ज्यांना ती काळी खिडकी बघून धडधडतं त्यांच्यासाठी खास.

आमचं मावळात भाताचं खाचर आहे, काका कसतात, इंद्रायणी लावतात. २०२४ च्या खरिपात पंपाच्या खोलीच्या भिंतीवर एक जुना अँड्रॉइड फोन पारदर्शक डब्यात घालून बसवला, १६ जूनपासून, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर दहा मिनिटांनी एक फोटो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, वायरसाठी खालून भोक (वरून केलं तर पाणी जातं), लाईट खोलीतूनच. सगळं मिळून दोनशेच्या आसपास खर्च. दिवसाला ७८ फोटो. ऑगस्टमध्ये दमटपणाने फोन गेला, मग २,८०० रुपयांना दुसरा सेकंडहँड घेतला आणि त्याच जागी लावला. दिवाळीनंतर कापणी झाली आणि फोन उतरवला. लाईट जाण्यात जे गेले ते वगळूनही फोटो अकरा हजारांच्या आसपास, आकार साधारण ३८ जीबी.

पहिली पायरी फोटो लॅपटॉपवर आणणं, आणि इथेच एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण फोन केबलने जोडला की हजारो फाइल्सचं फोल्डर उघडायलाच दहा-दहा मिनिटं लागतात. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर सरळ कार्ड काढून रीडरमध्ये घाला, खूप फरक पडतो. आणि आणल्याबरोबर एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, पुढचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर.

प्रोग्रॅमचं नाव एफएफएमपेग. फुकट आहे, मुक्त आहे, फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० साली सुरू केलेला, आणि व्हिडिओची कितीतरी सॉफ्टवेअर्स आतून हाच वापरतात. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिथे एका ओळीत इन्स्टॉल झाला, आवृत्ती ४.४. ही आवृत्ती लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. विंडोजवाल्यांना विंगेटने (विंडोजमधली प्रोग्रॅम इन्स्टॉल करायची कमांड) मिळतो, त्यानंतर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायचं, नाहीतर कमांड सापडत नाही म्हणून सांगतो.

इथून पुढे कमांडमधले शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थात इंग्रजीतच करायचे, आकडेसुद्धा.

व्हिडिओ करायची कमांड खरंच एका ओळीची आहे. एफएफएमपेग, मग डॅश फ्रेमरेट आणि आकडा, मग डॅश आय आणि फोटोंचा पत्ता, मग शेवटी आउटपुटचं नाव. बस. पण ही एक ओळ चालायला फोटो नीट रांगेत पाहिजेत, आणि माझे निम्म्याहून जास्त दिवस त्या रांगेत गेले, कमांडमध्ये नाही. कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते, की फोटो आवरून घे, मग कमांडकडे जा.

फोटोंचा पत्ता द्यायच्या दोन पद्धती आहेत. एक नंबरची, म्हणजे फाइलच्या नावात पर्सेंट शून्य पाच डी लिहायचं, की तो ००००१, ००००२ अशा पाच आकडी नावांच्या फाइल्स क्रमाने उचलतो. यात दोन गोष्टी आहेत. पहिली, तो सुरुवातीचा फोटो फक्त ० ते ४ या नंबरांतच शोधतो, तुमचा पहिला फोटो ४५७ नंबरचा असेल तर फाइलच सापडली नाही म्हणून थांबतो, तेव्हा डॅश स्टार्ट अंडरस्कोर नंबर ४५७ असं डॅश आयच्या आधी सांगावं लागतं. दुसरी, मधला एखादा नंबर गायब असला की व्हिडिओ तिथे संपतो, पुढचे हजारो फोटो असले तरी. गावाकडे लाईट जाणार, धुकट फोटो आपण काढून टाकणार, म्हणजे नंबर गायब होणारच. त्यामुळे मी दुसरी पद्धत घेतली, डॅश पॅटर्न अंडरस्कोर टाइप ग्लोब, आणि मग डॅश आयच्या पुढे अवतरणचिन्हात तारांकन डॉट जेपीजी. यात नावांच्या अक्षरक्रमाने सगळे फोटो घेतले जातात, मध्ये खड्डे असले तरी चालतं.

ही अवतरणचिन्हं फार महत्त्वाची. ती नसली तर टर्मिनल स्वतःच त्या तारांकनाच्या जागी सगळ्या फोटोंची नावं भरतं, एफएफएमपेगला वाटतं पहिला फोटो इनपुट आणि बाकीचे सगळे आउटपुट, आणि तो विचारतो की ही फाइल आधीच आहे, ओव्हरराइट करू का. असा प्रश्न फोटोच्या नावासकट दिसला तर एन दाबा आणि बाहेर या, वाय दाबलंत तर फोटो जाईल. वेगळी प्रत ठेवा म्हटलं ते याचसाठी. विंडोजवर ग्लोब सहसा चालत नाही, तिथे आधी फाइल्सना सलग नंबर देऊन पर्सेंटवाली पद्धतच वापरावी लागते, आणि कमांड बॅच फाइलमध्ये ठेवलीत तर पर्सेंट दोनदा लिहायचा.

आता अक्षरक्रमाची अडचण. पहिला फोन नावं आयएमजी अंडरस्कोर तारीख अशी देत होता, दुसरा नुसती तारीख. अक्षरक्रमात आकडे आधी येतात, म्हणजे ऑगस्टनंतरचं भात आधी आणि जूनमधलं रिकामं खाचर नंतर. यावर एक्झिफटूल नावाचा दुसरा छोटा प्रोग्रॅम आहे, तोही फुकट. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला ती वेळ लिहिलेली असते, एक्झिफटूलला सांगायचं की फाइलनेममध्ये डेटटाइमओरिजिनल भर, फॉरमॅट वर्ष महिना दिवस, अंडरस्कोर, तास मिनिट सेकंद. पाचेक मिनिटांत अकरा हजार फाइल्सची नावं एकसारखी झाली. चुलत भावाने आवणीच्या (म्हणजे रोपं खाचरात लावायच्या) दिवशी, ९ जुलैला, त्याच्या डीएसएलआरवर दर पाच सेकंदाला असे पाचशेच्या आसपास फोटो काढले होते, त्यात कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ वर जाऊन परत ०००१ वर आला होता, तेही याच एका कमांडने सरळ झालं.

मग धुकट फोटो. पावसाळ्यात सकाळी डब्याच्या आतून वाफ धरायची आणि फोटोत नुसता पांढरा पडदा. अकरा हजार फोटो डोळ्याने बघणं शक्य नाही. यावर जे सुचलं ते मला स्वतःला फार आवडलं. जेपीजीमध्ये बारकावे जितके कमी तितकी फाइल छोटी. चांगला फोटो साडेतीन एमबीच्या आसपास, आणि वाफेचा एक एमबीच्याही खाली. म्हणून फाइंड कमांडने ९०० केबीपेक्षा छोट्या सगळ्या फाइल्स शोधल्या आणि ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवल्या. पहाटेचे काळोखे फोटो आणि लाईट जाताना अर्धवट राहिलेल्या शून्य केबीच्या फाइल्सही त्यातच गेल्या. डिलीट करू नका, हलवाच, कारण त्यात दोन-चार खरे धुक्याचे सुंदर फोटो निघतात, ते मी परत आत घेतले.

हे सगळं होईपर्यंत नोव्हेंबर संपत आला. घाई अशी की जिल्हा पातळीवरच्या एका कृषी प्रदर्शनात व्हिडिओ द्यायचा होता, मुदत २० डिसेंबर. अट अशी, एमपी४ फाइल, तीन मिनिटांच्या आत, २०० एमबीच्या आत, चित्राची उंची १०८० पिक्सेल, आणि पेन ड्राइव्हवर दोन प्रती. शिवाय ज्या जमिनीचं चित्रण आहे तिच्या मालकाचं संमतीपत्र आणि सातबारा. त्याची गोष्ट पुढे सांगते.

आता वेग. काही सांगितलं नाही तर सेकंदाला २५ फोटो धरतो. अकरा हजार भागिले २५ म्हणजे ४४० सेकंद, सात मिनिटांच्या वर, कोण बघणार. मला अडीच मिनिटं हवी होती, म्हणजे सेकंदाला ७५ फोटो खर्ची पडायला हवेत. इथे फ्रेमरेट आणि डॅश आर यांचा गोंधळ सगळ्यांचा होतो. डॅश आयच्या आधीचा फ्रेमरेट म्हणजे फोटो कोणत्या वेगाने वाचायचे, आणि डॅश आयच्या नंतरचा डॅश आर म्हणजे तयार व्हिडिओत सेकंदाला किती फ्रेम ठेवायच्या. आधी ७५ आणि नंतर २५ दिलं की तीनातला एक फोटो राहतो, बाकीचे गळतात.

पण नुसते गाळले तर पातं वाऱ्याने हललं की चित्र थरथरतं. म्हणून टीमिक्स नावाचा फिल्टर, फ्रेम्स बरोबर ३, म्हणजे शेजारचे तीन फोटो एकमेकांत मिसळून एक करतो आणि त्यानंतर एफपीएस बरोबर २५. पावसात भात सळसळतं ते मऊ, वाहतं दिसायला लागलं. ज्यांच्या फोटोंत झाडंपानं आहेत त्यांनी हे करूनच बघा. उजेडाचा लखलखाटही होताच, फोन प्रत्येक फोटोला एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा ते) स्वतः ठरवतो ना, एक फोटो उजळ, पुढचा काळपट. त्यासाठी डीफ्लिकर फिल्टर, साइज १०, टीमिक्सच्या आधी. पूर्ण गेला नाही, ढग येतजात होते तिथे अजून जाणवतो, पण डोळ्याला टोचत नाही.

ऑगस्टपासून पुढे भात दोन्ही बाजूंनी चेपलेलं दिसत होतं, उंच आणि अरुंद. कारण पहिला फोन ४:३ फोटो काढत होता आणि दुसरा १६:९, आणि एफएफएमपेग पुढचे सगळे फोटो पहिल्या फ्रेमच्या मापात बसवतो. आउटपुट बघितल्याशिवाय हे कळत नाही, एरर वगैरे काही येत नाही. उपाय स्केल फिल्टरमध्ये आहे, १९२० कोलन १०८० आणि त्याला जोडून फोर्स ओरिजिनल आस्पेक्ट रेशो बरोबर इन्क्रीज, मग क्रॉप १९२० कोलन १०८०. म्हणजे प्रमाण न मोडता फोटो चौकट भरेल इतका मोठा ठेवायचा आणि उरलेलं कापायचं. आभाळ थोडं कापलं गेलं, खाचर पूर्ण राहिलं. ज्यांचे सगळे फोटो एकाच मापाचे आहेत त्यांना एवढं नको, स्केल बरोबर १९२० कोलन उणे २ पुरेल. तो उणे २ एवढ्यासाठी की उंची सम संख्येत येते, विषम आली तर एन्कोडर (चित्रं दाबून व्हिडिओ फाइल करणारा भाग) उंचीला दोनने भाग जात नाही म्हणून नकार देतो.

प्रत्येक वेळी अकरा हजार फोटो चालवून बघू नका. माझ्या जुन्या लॅपटॉपला पूर्ण फेरीला पंधरा-वीस मिनिटं लागत होती. डॅश टी १० लिहिलं की फक्त पहिले दहा सेकंद तयार होतात, मापं, वेग, फिल्टर सगळं तेवढ्यात कळतं, आणि शेवटी एकदाच पूर्ण फेरी. फक्त फोन बदलला तसा मधला बदल असेल तर त्या तारखेच्या आगेमागेचे थोडे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन त्यांच्यावर चाचणी घ्या.

डीएसएलआरच्या आवणीच्या फोटोंचा वीस सेकंदांचा वेगळा तुकडा केला होता. माझ्या लॅपटॉपवर छान चालला, काकांना पाठवला तर त्यांचा फोन आला, “अगं, नुसतं काळं दिसतंय, आवाज पण नाही.” आवाज तर नव्हताच, पण काळं का ते शोधायला दोन दिवस गेले. त्या कॅमेऱ्याच्या जेपीजीत रंगांची माहिती ४:२:२ पद्धतीने असते, एफएफएमपेग तीच तशीच व्हिडिओत ठेवतो, आणि बहुतेक फोन आणि टीव्हींना फक्त ४:२:० कळते. उपाय डॅश पिक्स अंडरस्कोर एफएमटी, मग वाययूव्ही ४२० पी. पीएनजी फोटो किंवा स्क्रीनशॉट वापरणाऱ्यांनाही हेच होतं. मी आता प्रत्येक कमांडमध्ये हे टाकतेच, गरज असो वा नसो.

सगळ्यात जास्त जीव लावला तो मराठी अक्षरांवर. कोपऱ्यात चिखलणी, आवणी, निसवण (लोंब्या बाहेर पडणं), कापणी आणि महिना असं लिहून यायला हवं होतं, कारण शहरातल्या माणसाला नुसतं हिरवं बघून काय कळणार. एफएफएमपेगमध्ये ड्रॉटेक्स्ट फिल्टर आहे, त्यात ‘चिखलणी’ लिहिलं तर पहिली वेलांटी च च्या मागे यायच्या ऐवजी पुढे जाऊन ख वर चढली, आणि ‘सप्टेंबर’मधला प पाय मोडून वेगळा, ट वेगळा. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण अक्षरं जोडायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि ड्रॉटेक्स्टमध्ये ती ६.१ पासून आली, माझ्याकडे ४.४. नवीन आवृत्ती असेल तर तुम्हाला हा त्रास होणार नाही. माझ्यासारखी जुनी असेल तर सबटायटल्स फिल्टर वापरा, तो लिबअ‍ॅस नावाची वेगळी लायब्ररी वापरतो आणि लिबअ‍ॅस देवनागरी नीट जोडतो. साध्या नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये एसआरटी फाइल (कोणती ओळ कितव्या सेकंदाला दाखवायची याची यादी) लिहायची, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची, आणि फोर्स स्टाइलमध्ये फॉन्टनेम मुक्त द्यायचं. मुक्त हा मुंबईच्या एक टाइपने केलेला फुकट फॉन्ट आहे, जोडाक्षरं सुरेख येतात त्यात.

एसआरटीत सेकंद कुठून आणायचे? फोल्डरमधल्या नावांची नंबर लावून यादी काढायची, हव्या त्या तारखेचा पहिला फोटो कितवा ते बघायचं आणि ७५ ने भागायचं. आवणी साधारण १,७०० व्या फोटोला सुरू होते, म्हणजे साडेबावीस सेकंदांच्या जरा पुढे. अशा सगळ्या वेळा काकांना फोनवर विचारून घेतल्या, पोटरी (लोंबी बाहेर पडायच्या आधीची अवस्था) कधी आली, निसवायला कधी लागलं, त्यांना तारखा तोंडपाठ होत्या, मला डायरी लागली असती.

आता आकार. एन्कोडर लिबएक्स२६४ आणि दर्जासाठी सीआरएफ, हा आकडा ० ते ५१, जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, न सांगता २३ असतो. १८ वर माझा व्हिडिओ साडेचारशे एमबी झाला, कारण हलणारी पाती म्हणजे बारीक तपशीलच तपशील. २३ आणि टीमिक्स मिळून १६० च्या आसपास आला आणि टीव्हीवर मला फरक दिसला नाही. जिथे मर्यादा अगदी काटेकोर असते तिथे उलटं गणित करा, एमबीला ८ ने गुणून सेकंदांनी भागायचं, येईल तेवढे मेगाबिट सेकंदाला, आणि तो आकडा थोडा कमी करून डॅश बी कोलन व्ही मध्ये द्यायचा. शेवटी डॅश मूव्हफ्लॅग्ज अधिक फास्टस्टार्ट, म्हणजे इंटरनेटवर टाकलं तर पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधी चालू होतं. आवणीचा तुकडा आणि मुख्य व्हिडिओ, दोन्हींचं माप, वेग, रंगपद्धत एकच ठेवली होती, त्यामुळे कॉन्कॅट आणि डॅश सी कॉपी वापरून जोडायला दोन सेकंद लागली, पुन्हा एन्कोड नाही. आवणी पहिली, मग पूर्ण हंगाम. एकूण २ मिनिटं ४७ सेकंद, १८० एमबी.

आणि मग कागदं. सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा काढला, १५ रुपये, पाच मिनिटांत मिळाला. पण त्यावर नावं काका, बाबा आणि दोन्ही आत्या अशी चार, आणि मी नेलेलं संमतीपत्र एकट्या काकांचं. खिडकीवर सांगितलं, सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतील, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालणार नाही, मूळ कागद आणा. मोठ्या आत्या नाशिकला, धाकट्या बेळगावला. दोघींना मजकूर पाठवला, त्यांनी साध्या कागदावर हाताने लिहून सही करून स्पीड पोस्टने पाठवला, स्टॅम्प पेपर लागला नाही. बेळगावचं पत्र १७ डिसेंबरला आलं, तोवर माझा जीव टांगणीला. कुणाला असं काही द्यायचं असेल तर व्हिडिओच्या आधी सातबारा काढून नावं बघा, हे काम कॉम्प्युटरपेक्षा जास्त दिवस खातं.

१९ तारखेला सगळं जमा केलं. तिथे पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावून तपासतात, पहिल्याच फटक्यात चालला. दोन पेन ड्राइव्हचे मिळून हजार रुपये गेले, ते परत मिळत नाहीत, त्यामुळे कमी जीबीचे घ्या, मी उगाच ६४ चे घेतले असं नको व्हायला. पोच पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

घरच्या ग्रुपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो इतका दाबतो की पात्यांचा चिखल होतो. काकांनी बघितला आणि ऑगस्टच्या शेवटी एका कोपऱ्यात पीक जरा पिवळं पडत गेलेलं दाखवलं, बांधाशी पाणी साचायचं म्हणाले. शेतात रोज जाऊनही ते इतक्या स्पष्टपणे दिसलं नव्हतं त्यांना, म्हणून आता तिथला बांध फोडून चर काढणार आहेत.

या जूनसाठी ठरवून ठेवलंय ते एवढं: फोटो पहिल्यापासून १६:९, कॅमेरा अ‍ॅपमध्ये एक्सपोजर आणि फोकस दोन्ही लॉक, अंतर दहाऐवजी पंधरा मिनिटं, आणि पूर्ण कमांड एका टेक्स्ट फाइलमध्ये फोटोंच्या फोल्डरशेजारीच. दर रविवारी काकांकडे जाईन तेव्हा कार्ड बदलून आणायचं, म्हणजे नोव्हेंबरमध्ये ३८ जीबी एकदम उपसायला नकोत.